आधी भरती-ओहोटी बघा, मग पिशवी उचला: हस्तकला बाजार आणि शहरातला किनारा एका दिवसात

बाजार कधी उघडतो आणि कधी मिटतो हे फलकावर लिहिलेलं असतं. समुद्राची वेळ मात्र रोज पुढे सरकते. म्हणून हस्तकला बाजार आणि शहरातला किनारा एकाच सुट्टीच्या दिवशी करायचा असेल, तर दिवसाची आखणी बाजारापासून नको, समुद्रापासून सुरू करा. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण उलट करतात. दुपारपर्यंत बाजार, मग दोन्ही हातांत पिशव्या घेऊन किनाऱ्यावर, आणि तिथे बघावं तर वाळूच शिल्लक नाही, पाणी थेट कठड्याला येऊन आपटतंय. माझ्याही पहिल्या दोन सहली अशाच गेल्या. तिसऱ्या खेपेला मी आदल्या रात्री भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडून बसलो, आणि त्यानंतर ती सवय मोडलेली नाही.

पायरी १: आदल्या रात्री वेळापत्रक

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. (काही समुद्रांत एकदाच येते, म्हणून आपल्या किनाऱ्याचंच वेळापत्रक बघायचं, शेजारच्या बंदराचं नाही.) एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असतो, त्यामुळे हे सगळं रोज सुमारे ५० मिनिटांनी उशिरा होतं.

सुट्टीच्या दिवशीच फिरणाऱ्यांसाठी या ५० मिनिटांत एक फार उपयोगी गोष्ट दडली आहे. सात दिवसांत ती ५० मिनिटं साठून जवळजवळ सहा तास होतात. म्हणजे गेल्या शनिवारी दुपारी बारा वाजता भरती असेल, तर या शनिवारी बाराच्या सुमाराला ओहोटी असणार. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा जवळपास तीच भरती, थोडी अलीकडे, सव्वाअकराच्या आसपास. ‘मागच्या आठवड्यात केवढी मोठी वाळू होती, आज कुठे गेली?’ असं किनाऱ्यावर कुणीतरी म्हणताना हमखास ऐकू येतं. वाळू कुठेही गेलेली नसते, फक्त वार तोच असला तरी पाण्याची वेळ उलटी झालेली असते.

दुसरी नोंद चंद्राची. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येतं: भरती जास्त वर, ओहोटी जास्त खाली. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात असते आणि भरती-ओहोटीतलं अंतर सगळ्यांत कमी होतं, त्याला भांग म्हणतात. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला चालायला लांबलचक ओली वाळू मिळते, पण परतणारं पाणीही तितकंच जोरात येतं.

ते किती जोरात येतं, याचा खलाशांचा एक जुना हिशोब आहे. ओहोटी ते भरती या सहा तासांत चढणाऱ्या पाण्याचे बारा हिस्से करायचे. पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं. भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक असेल, तर तिसऱ्या तासात पाणी १ मीटर वर येईल. किनारा सपाट असेल, म्हणजे ५० मीटर चालल्यावर १ मीटर उतार, तर तेवढ्या एका तासात पाणी ५० मीटर पुढे आलेलं असेल. सतरंजी, चपला आणि बाजारातली पिशवी कुठे ठेवायची ते या हिशोबानं ठरवा. वाळूवर शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचे तुकडे यांची एक रेघ दिसते, ती गेल्या भरतीची खूण. बसायचं त्या रेघेच्या वर.

पायरी २: कुठे आधी जायचं

हे आता आपोआप ठरतं. चालायला, मुलांना खेळायला ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास सगळ्यांत चांगला.

सकाळी सात-आठला ओहोटी असेल तर आधी किनारा. ऊन चढायच्या आत परत फिरा, हातपाय गोड्या पाण्यानं धुवा, कपडे बदला आणि मग बाजारात जा. हे बदलणं टाळू नका. खारट, दमट हातांनी रेशीम किंवा कच्च्या रंगाचं कापड चाचपलं की डाग पडतो, आणि तो माल दुसऱ्याचा असतो.

संध्याकाळी ओहोटी असेल तर आधी बाजार, पण खरेदी हलकी. जड भांडी, लाकडी वस्तू, काच असं काही घेणार असाल तर वाटेत सामान ठेवायची सोय आधी बघून ठेवा. किनाऱ्यावर सामानाची राखण करत बसलेला माणूस समुद्र बघत नाही, पिशवी बघत बसतो.

भर दुपारी ओहोटी असेल तर मला विचाराल तर वाळूवर जाऊच नका. वाळू तापलेली असते आणि ऊन सगळ्यांत कडक. दुपार बाजाराच्या सावलीत काढा आणि संध्याकाळी किनाऱ्यावरच्या कठड्यावर बसून भरती बघा. तीही बघण्यासारखी असते.

पायरी ३: बाजारात पहिली फेरी रिकाम्या हातांनी

पहिली फेरी फक्त बघण्याची. अर्धा तास पुरे. एकही वस्तू घ्यायची नाही, पाकीट बाहेर काढायचं नाही. या फेरीत एकच गोष्ट शोधायची: या बाजारात स्वतः बनवणारे कोण आणि आणून विकणारे कोण. दोघांकडूनही वस्तू घेता येते, पण प्रश्न वेगळे विचारावे लागतात.

ओळखायचं कसं? हत्यारांबद्दल विचारा. ‘हे कशानं कोरलं?’, ‘हा रंग किती वेळा बुडवून चढवला?’, ‘यात सगळ्यांत वेळखाऊ काम कुठलं?’ करणाऱ्याला हे विचारलं की त्याचा हात आपोआप हलू लागतो, तो हवेतच करून दाखवतो. आणून विकणारा किंमत आणि टिकाऊपणा याबद्दल बोलतो. एखाद्या गाळ्यावर तंतोतंत एकसारखे पन्नास नग मांडलेले असतील आणि तोच माल आणखी चार गाळ्यांवर दिसत असेल, तर तो एकाच ठिकाणाहून आलाय हे समजा.

फोटो काढण्याआधी विचारायचं. नक्षी हीच कारागिराची मिळकत असते, आणि फोटोवरून नक्कल करणारे त्यालाही चांगले ठाऊक असतात.

पायरी ४: दुसऱ्या फेरीत वस्तू उलटी करा

सगळ्या पायऱ्यांमध्ये माझा जीव या पायरीवर आहे. हातानं केलेल्या वस्तूची उजवी बाजू सगळ्यांना दिसावी म्हणून केलेली असते. तिची खरी हकीकत उलट्या बाजूला असते.

ठशांच्या छपाईचं कापड घ्या. गाळ्याच्या उजेडातून बाहेर, दिवसाच्या उजेडात न्या आणि ठसा जिथे संपतो आणि पुढचा सुरू होतो ती जागा शोधा. सापडायला वेळ लागला तर छापणारा हात कसलेला आहे. नीट बघितलंत तर ठशाच्या कोपऱ्यापाशी टाचणीच्या डोक्याएवढे रंगाचे ठिपके दिसतील. ठशाच्या कडेला बसवलेल्या खिळ्यांची ती खूण. पुढचा ठसा कुठे टेकवायचा ते छापणारा त्या ठिपक्यावरून ठरवतो. मी एकदा एका बाईंना विचारलं, हे ठिपके झाकत का नाही? त्यांनी कापड माझ्या हातातून घेतलं, चार ठिपके बोटानं दाखवले आणि म्हणाल्या, ‘यावरूनच तर आमचा हात चालतो.’ त्या दिवसापासून मी आधी ठिपके शोधतो. दोन रंगांमध्ये केसभर फट किंवा केसभर एकावर एक आलेला रंग हीसुद्धा हाताची खूण. सगळीकडे रंग अगदी सारखा आणि कुठेच जोड नसेल, तर छपाई यंत्रावरची असण्याची शक्यता जास्त. यंत्रावरची छपाई वाईट नसते, पण हाताच्या कामाचे पैसे तिला द्यायचे नाहीत.

धागे आधी बांधून, रंगवून मग विणलेल्या कापडात, म्हणजे इकतमध्ये, नक्षी दोन्ही बाजूंना जवळपास सारखी दिसते आणि नक्षीची कड थोडी फिसकटलेली असते. वरून छापलेल्या नकली इकतची मागची बाजू फिकी पडते. हातमागाच्या कापडाची कड बघा. विणताना कापड ताणून धरायला जी काठी लावतात तिच्या टोकांवर बारीक सुया असतात, त्यांची भोकं दोन्ही कडांना ओळीनं दिसतात. ती दरवेळी दिसतीलच असं नाही, पण दिसली की मला बरं वाटतं.

भरतकाम उलटं केल्यावर हाताचं असेल तर गाठी, एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे गेलेला धागा, कुठे जरा ओढलेला टाका असं सगळं दिसतं. यंत्राच्या भरतकामात खालच्या बाजूला वेगळाच धागा असतो, बहुतेकदा पांढरा किंवा काळा, आणि तो सगळीकडे एकाच ताणानं बसलेला असतो.

रंग सुटतो का हे बघायला पांढरा रुमाल किंचित ओला करून कापडाच्या कोपऱ्यावर दहा-बारा वेळा घासा, अर्थात विक्रेत्याला विचारून. निळीचं कापड थोडा रंग सोडतंच, त्यात फसवणूक नाही. निळीचा रंग धाग्याच्या आत विरघळून बसत नाही, बराचसा वरच्या थरांत अडकून राहतो, म्हणून तो घासला जातो. पण ‘ही नैसर्गिक नीळ आहे, बघा रंगावरूनच कळतं’ असं कुणी म्हणालं तर ते खरं मानू नका. कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आहे आणि तिचा रंग देणारा रेणू झाडातून मिळणाऱ्या निळीसारखाच आहे. नुसत्या नजरेनं फरक सांगता येत नाही. तिथे विश्वास माणसावर ठेवावा लागतो: नीळ कुठून आणता, हौद कसा लावता, किती दिवसांनी बुडवता, हे त्याला सांगता येतं का ते ऐका.

मातीची भांडी. भांडं तळहातावर तोलून धरा आणि बोटाच्या पेरानं काठाजवळ हलकं ठोका. अखंड भांडं खणखणीत वाजतं, तडा असेल तर आवाज बसका येतो. साध्या मातीची, कमी भाजलेली भांडी मुळातच थोडी बसकी वाजतात, म्हणून त्याच गाळ्यावरची सारखी दोन-तीन भांडी वाजवून तुलना करा. मग भांडं सपाट जागेवर ठेवून डुगडुगतं का बघा. शेवटी तळ बघा. तिथे सहसा ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर, नसतो, त्यामुळे माती कुठली आणि किती भाजली ते दिसतं. साधी माती साधारण १००० ते ११५० अंशांवर भाजतात आणि ती पाणी पिते. १२०० ते १३०० अंशांवर भाजलेलं स्टोनवेअर घट्ट होतं आणि पाणी फारसं शोषत नाही. फुलदाणी कमी भाजलेली असेल तर तिच्याखाली बशी ठेवा, नाहीतर लाकडी टेबलावर ओला गोल उमटेल.

खाण्यापिण्यासाठी भांडं घेत असाल तर थेट विचारा: या ग्लेझमध्ये शिसं आहे का? कमी तापमानाला भाजलेल्या चकचकीत ग्लेझमध्ये, विशेषतः भडक लाल, केशरी, पिवळ्या रंगांत, शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. लहान मुलांना शिशाचा त्रास सगळ्यांत जास्त. उत्तर गुळमुळीत आलं तर भांडं शोभेला ठेवा, ताटात नको.

लाकूड, धातू, दागिने. लाकडी वस्तूला बारीक गोल भोकं असतील तर ती पांढऱ्या कागदावर हलकी आपटा. ताजी पीठासारखी पूड पडली तर आत किडा जिवंत आहे, घेऊ नका. पितळेची वस्तू तपासायला किल्लीच्या जुडग्यात एक छोटं चुंबक ठेवा: पितळेला ते चिकटत नाही, वर मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतं. चांदीच्या दागिन्यावर ९२५ असा शिक्का असेल तर त्यात ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं, असा त्याचा अर्थ. कानातल्यांच्या बाबतीत निकेल आहे का विचारा, पुष्कळांच्या कातडीला ते चालत नाही.

एक गोष्ट मात्र कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नये: कासवाच्या पाठीचे कंगवे आणि बांगड्या, समुद्रातून काढलेली कडक प्रवाळं, हस्तिदंत. धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे आणि यातल्या बऱ्याच वस्तू देशाबाहेर नेताना किंवा आणताना जप्त होतात, वर दंडही होतो. पण माझं कारण जप्तीचं नाही. तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांचा तो सुंदर कंगवा हॉक्सबिल कासवाच्या पाठीचा असतो, आणि ते कासव आज नामशेष होण्याच्या अगदी कडेला उभं आहे.

पायरी ५: भाव करण्याबद्दल

आधी विचारा, ‘हे करायला किती दिवस लागले?’ मग मनात भागाकार करा. सांगितलेल्या किमतीतून सामानाचा खर्च वजा केला तर दिवसाला काय उरतं? तुम्ही त्या रोजावर काम केलं असतं का? पुष्कळदा या भागाकारानंतर भाव करायची इच्छाच राहत नाही. करणाऱ्याशी भाव करायचाच असेल तर दोन वस्तू घेऊन थोडी सूट मागा, एकीचीच किंमत अर्ध्यावर आणायला बसू नका. भाव ठरल्यावर माघार घेऊ नका. सुटे पैसे जवळ ठेवा, कारण गर्दीच्या बाजारात फोनचं नेटवर्क ऐन वेळी जातं.

बांधून घेताना दोन भांडी एकमेकांना टेकणार नाहीत याची खात्री करा. प्रत्येकाला वेगळा कागद, आतल्या पोकळीतही कागद कोंबलेला. ठशांचं कापड आणि ओल्या रंगाची कुठलीही वस्तू एका पिशवीत नको. आणि कारागिराचं कार्ड किंवा नाव घेऊन ठेवा, झाकण फुटलं तर दुसरं त्याच्याकडेच मिळेल.

पायरी ६: किनाऱ्यावर पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा

बाजारातली पहिली फेरी जशी रिकाम्या हातांची, तशी इथली पहिली दहा मिनिटं कोरड्या पायांची. उंचवट्यावर, पायऱ्यांवर किंवा कठड्याशी उभं राहून पाणी बघा.

आधी झेंडे. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यांवर बहुतेक ठिकाणी वर लाल आणि खाली पिवळा अशा दोन रंगांचे झेंडे असतात. त्या दोन झेंड्यांमधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखाली असते, पाण्यात जायचं ते तिथेच. नुसता लाल म्हणजे धोका मोठा, पाण्यात जायचं नाही. पिवळा म्हणजे मध्यम धोका. जांभळा दिसला तर जेलीफिशसारखे त्रासदायक जीव पाण्यात आहेत. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा लाटांवर स्वार होण्याच्या फळ्यांसाठी, म्हणजे सर्फबोर्डसाठी, राखलेल्या जागेचा, तिथे पोहणाऱ्यांनी जाऊ नये. झेंडेही नाहीत आणि जीवरक्षकही नाही, तर पाणी घोट्यापर्यंत, त्यापुढे नाही.

मग लाटा. ओळीनं पांढऱ्या फुटणाऱ्या लाटांमध्ये एखादा अरुंद पट्टा दिसतो का बघा, जिथे लाट फुटत नाही, पाणी गडद आणि शांत वाटतं, किंवा वाळू ढवळून गढूळ झालेलं पाणी आणि फेस तिथून आत समुद्राकडे जाताना दिसतो. नवख्या माणसाला तीच जागा सगळ्यांत सुरक्षित वाटते, मुलांना घेऊन लोक नेमके तिथेच उतरतात. तोच रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, वाळूच्या दांड्यांमधल्या खोलगट जागेतून किंवा बांधाच्या कडेनं ते एकवटून आत वाहतं. तिथे तळ खोल असतो म्हणून लाट फुटत नाही, आणि म्हणूनच तो पट्टा शांत दिसतो. त्याचा वेग साधारण सेकंदाला ३० ते ६० सेंटिमीटर, पण २.४ मीटरपर्यंतही मोजला गेलाय. त्या वेगापुढे ऑलिंपिकमधला पोहणाराही मागे पडेल.

सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमून जाल. माणसं बुडतात ती दमल्यामुळे. रिप करंट माणसाला खाली खेचत नाही, तो आडवा दूर नेतो. पाठीवर तरंगा, श्वास सांभाळा, हात वर करून मदत मागा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याच्या बाहेर पडा आणि मग फुटणाऱ्या लाटांच्या बाजूनं परत या. दुसरं कुणी सापडलं तर त्याच्यामागे उडी टाकू नका. जीवरक्षकाला बोलवा, तरंगणारं काहीतरी फेका: बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन, चेंडू, काहीही. वाचवायला गेलेलेच बुडाल्याच्या घटना फार आहेत.

मुलांच्या बाबतीत एकच नियम: हात लांब केला की मूल हाताला लागलं पाहिजे. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही, हात हलवत नाही, कारण सगळी ताकद श्वासासाठी तोंड पाण्यावर ठेवण्यात जाते, आणि एका मिनिटाच्या आत ते बुडू शकतं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर हवा भरलेली खेळणी बाहेर काढूच नका. ती पाण्यावरून बघता बघता दूर जातात आणि मूल त्यांच्यामागे जातं. वाळूत खड्डा खणायचा तर मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको. कोरडी वाळू बाजूंनी एकदम ढासळते आणि आतल्याला बाहेर काढायला फार थोडा वेळ मिळतो.

शहरातला किनारा वेगळा असतो

गावाबाहेरच्या निर्जन किनाऱ्याचे नियम इथे पुरत नाहीत. शहराचं पावसाचं पाणी, आणि पुष्कळदा त्यात मिसळलेलं सांडपाणी, याच समुद्रात येतं. मुसळधार पावसानंतर दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नका, पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी. नाल्याचं किंवा पाइपाचं तोंड जिथे किनाऱ्यावर उघडतं तिथून निदान शंभर पावलं दूर बसा. पायाला जखम असेल तर खारं पाणी लावायचा मोह टाळा. वाळूत काच, गंजलेले खिळे, सुया असतात, म्हणून चपला पायातच ठेवा. खाण्याआधी हात धुवायचे, कारण जंतू ओल्या वाळूतही टिकतात.

समुद्राच्या भिंतीलगत टाकलेले काँक्रीटचे चारपायी ठोकळे, टेट्रापॉड, फोटोसाठी फार भुरळ घालतात. त्यांवर चढू नका. ते लाटेचा जोर मोडायला टाकलेले असतात, त्यांच्यामधल्या फटी माणसाएवढ्या असतात, शेवाळानं पाय घसरतो, आणि भरतीत एखादीच लाट नेहमीपेक्षा मोठी येते.

ऊन. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की ऊन कातडीला त्रास देण्याइतकं कडक आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. एसपीएफ (ऊन अडवण्याची ताकद सांगणारा आकडा) ३० ची सनस्क्रीन नीट लावली तर कातडी भाजणारे सुमारे ९७ टक्के अतिनील किरण अडवते, ५० ची ९८ टक्के. फरक एका टक्क्याचाच, खरा फरक पडतो तो थर किती जाड लावला यानं. मोठ्या माणसाच्या अंगाला ३० मिलिलिटरच्या आसपास लागते, आपण बहुतेक जण त्याच्या निम्मीही लावत नाही. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायची. वाळूवरूनही किरण परततात, म्हणून छत्रीखाली बसूनही चेहरा भाजतो.

जेलीफिशचा डंख झाला तर चोळायचं नाही आणि गोडं पाणी ओतायचं नाही, त्यानं उरलेल्या पेशी फुटून आणखी विष सुटतं. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे चिमट्यानं काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंश, वीसेक मिनिटं तो भाग बुडवून ठेवा. श्वास लागला, ओठ सुजले, चक्कर आली तर थेट दवाखाना.

ढग गडगडले तर वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. वाळूवर आपणच सगळ्यांत उंच असतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच परत या.

पायरी ७: घरी आल्यावर

खाऱ्या वाऱ्यात पितळ आणि तांबं लवकर काळवंडतं, म्हणून धातूच्या वस्तू किनाऱ्यावरून आणल्या असतील तर रात्रीच गोड्या पाण्यानं धुवून कोरड्या फडक्यानं पुसा. चामड्याला खारं पाणी लागलं असेल तर ओल्या फडक्यानं मीठ टिपून घ्या आणि सावलीत वाळवा, उन्हात ठेवलं तर चामडं कडक होतं.

रंगीत कापड पहिल्यांदा एकटंच, गार पाण्यात, सौम्य साबणानं धुवा आणि उलटं करून सावलीत वाळत घाला. लाकडाच्या वस्तूबद्दल किड्याची शंका राहिली असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, वस्तू खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव लाकडावरच धरतं.

कापड खरंच रेशमी आहे का ही शंका असेल तर कडेचे दोन-तीन धागे काढून स्टीलच्या वाटीवर चिमट्यात धरून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ करडी राख सोडतं. रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. आणि हे करून झाल्यावर, झोपायच्या आधी, पुढच्या शनिवारच्या भरतीची वेळ वहीत लिहून ठेवा: आजच्यापेक्षा सहा तासांनी पुढे.